अक्षरी रक्कम चुकते तेव्हा: शंभर पैसे, प्रश्नचिन्हं आणि मराठी आकडे

तिमाही संपली, ठेवींवरचं व्याज खात्यात पडलं, की एका पतसंस्थेतल्या ताईंचा फोन ठरलेला. "भाऊ, ते शंभर पैसे परत आलेत बघा." या वेळी त्यांनी पावतीचा फोटोच पाठवला. आकड्यात ५,०००.०० आणि खाली अक्षरी रुपये: चार हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये शंभर पैसे फक्त. खातेदार आजोबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि पावती काउंटरवर परत ठेवली. त्यांचं काहीच चुकलं नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ च्या कलम १८ नुसार धनादेशावर किंवा वचनचिठ्ठीवर आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत, तर अक्षरी रक्कम खरी धरतात. पावती त्या कायद्यात बसत नसली, तरी लोकांची सवय तीच आहे. अक्षरांत जे लिहिलंय ते खरं.

ही तक्रार मी पतसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या, एक-दोन शाळा अशा बऱ्याच ठिकाणी सोडवली आहे. बहुतेक ठिकाणी ॲक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये) केलेली जुनी फाइल असते, तिच्यात आकड्याचे शब्द करणारं, इंटरनेटवरून उचललेलं एक फंक्शन असतं आणि ते कुणीतरी मराठीत ओढून बसवलेलं असतं. एक चूक दुरुस्त केली की तीन महिन्यांनी दुसरी डोकं वर काढते, कारण मुळात दोन वेगळी कामं एकातच कालवलेली असतात. आधी आकडा पक्का करायचा आणि मगच त्याला शब्द द्यायचे, हा क्रम पाळला तर पुढच्या बहुतेक अडचणी येतच नाहीत.

शंभर पैसे कुठून आले?

ॲक्सेसचा करन्सी प्रकार दशांशानंतर चार स्थळं साठवतो, पण पडद्यावर दोनच दिसतात. व्याजाचा गुणाकार-भागाकार होऊन टेबलात ४,९९९.९९६ बसलं होतं आणि रिपोर्टवर ते ५,०००.०० असं छापलं जात होतं. अक्षरांच्या फंक्शनने मात्र मूळ रक्कम घेतली. इंट (दशांशानंतरचा भाग टाकून देणारं फंक्शन) वापरून रुपये काढले, ते आले ४,९९९. उरलेल्या ०.९९६ ला शंभरने गुणलं, ते ९९.६ झालं आणि राउंड केल्यावर १००. पैसे शंभर झाले, पण हातचा एक रुपयांत मिळवायचा राहिला. तिसरीतल्या बेरजेत जी चूक होते, नेमकी तीच.

उपाय म्हणून काही जण "पैसे शंभर झाले तर रुपयांत एक मिळव" अशी अट घालतात. चालतं, पण ते ठिगळ आहे. रक्कम तोडण्याआधी एकदाच दोन दशांशांवर आणा आणि मग तिचे तुकडे करा. त्याहून चांगलं म्हणजे व्याज टेबलात लिहितानाच दोन दशांशांवर लिहा. नाहीतर खतावणीची बेरीज आणि पावत्यांची बेरीज यांत वर्षाअखेर काही पैशांचा फरक निघतो आणि तो शोधण्यात दोन दिवस जातात.

दोन दशांशांवर आणायचं तर राउंड वापरू, असं वाटतं. तिथे एक खाच आहे. ॲक्सेसमधलं राउंड नेमकं अर्ध्यावर आलेल्या आकड्याला जवळच्या सम अंकाकडे नेतं. २.१२५ चं ते २.१२ करतं. फॉरमॅट हे फंक्शन मात्र आपल्याला शाळेत शिकवलं तसं २.१३ करतं आणि रिपोर्टवरचा आकडाही फॉरमॅटच्याच रीतीने छापला जातो. म्हणजे एकाच पावतीवर आकड्यात तेरा पैसे आणि अक्षरांत बारा. वर्षातून दोन-चारदाच घडतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते लेखापरीक्षकाच्या.

फील्ड डबल प्रकारचं (दशांशाची जवळपासची किंमत साठवणारं) असेल तर आणखी एक घोळ. ४.३५ गुणिले १०० केलं की संगणकाच्या आत ४३५ येत नाही, ४३४.९९९९ असं काहीतरी येतं. त्याला इंट लावलं की ४३४. एक पैसा गेला. पैशाच्या व्यवहाराला डबल कधीच वापरू नका. जुनं टेबल असेल तर बॅकअप घेऊन फील्डचा प्रकार करन्सी करा.

मोठ्या रकमेवर ओव्हरफ्लो

एका सोसायटीत फंक्शन दोन वर्षं बिनतक्रार चाललं. मग इमारतीच्या दुरुस्तीची वर्गणी निघाली, प्रत्येकी ३५,०००, आणि पहिल्याच पावतीला ओव्हरफ्लो. फंक्शनमध्ये रक्कम धरणारं व्हेरिएबल इंटिजर (लहान पूर्णांक) प्रकारचं होतं आणि त्यात ३२,७६७ च्या पुढे काही मावत नाही. तोवर एकाही सभासदाची पावती तीस हजारांच्या पुढे गेलेली नव्हती, एवढंच.

इंटिजरचं लाँग (मोठा पूर्णांक) केलं की काम झालं असं समजू नका. लाँगची मर्यादा २,१४,७४,८३,६४७, म्हणजे दोनशे चौदा कोटींच्या घरात. एवढी रक्कम आपल्याकडे कशाला येते, असं वाटेल. पण शंभरने गुणून तुम्ही रक्कम पैशांत रूपांतरित केली असेल, तर हीच मर्यादा दोन कोटी चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार आठशे छत्तीस रुपये सत्तेचाळीस पैशांवर येते. मध्यम पतसंस्थेच्या ताळेबंदात तेवढा आकडा सहज असतो. शिवाय मॉड (भागाकाराची बाकी) आणि उलट्या तिरक्या रेघेचा पूर्णांक भागाकार हे दोन्ही करन्सी रकमेला आधी लाँग करून घेतात, त्यामुळे व्हेरिएबल करन्सी असलं तरी ते तिथे अडकतंच.

म्हणून मी आता गणित करतच नाही, सरळ अक्षरं कापतो. रकमेवर एकदाच फॉरमॅट लावायचं, साचा ०.०० असा, स्वल्पविराम नाही. यात राउंड होणं आणि मजकूर होणं दोन्ही एका फटक्यात होतं आणि छापलेल्या आकड्याशी कधी फरक पडत नाही. मग उजवीकडून कापत यायचं. उदाहरणार्थ १०५०७१००.५०. शेवटचे दोन अंक पैसे: ५०. टिंब सोडून द्या. पुढचे दोन: ००. मग एकच अंक शतकाचा: १. मग दोन हजाराचे: ०७. दोन लाखाचे: ०५. उरलं ते सगळं कोटीचं: १. एक कोटी पाच लाख सात हजार शंभर रुपये पन्नास पैसे. कोटीचा तुकडा दोन अंकांहून मोठा असेल तर त्याच फंक्शनला पुन्हा बोलवायचं, म्हणजे एकशे पंचवीस कोटी आपोआप येतं. अब्ज वापरायचं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. हिशेबाच्या कागदावर मी कोटीवरच थांबतो, कारण वाचणारा कोटीतच मोजतो.

साच्यात स्वल्पविराम ठेवला तर कापाकापीच्या जागा सरकतात. विंडोजची प्रादेशिक मांडणी भारताची असेल तर स्वल्पविराम एका जागी, अमेरिकेची असेल तर दुसऱ्या जागी. "माझ्या संगणकावर बरोबर येतं, शाखेत चुकतं" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

मराठी आकड्यांना सूत्र लागू पडत नाही

इंग्रजी फंक्शनमध्ये वीसपर्यंतचे शब्द आणि दहाचे टप्पे दिले की भागतं. तेच फंक्शन मराठी करताना लोक "वीस" आणि "एक" जोडतात आणि पावतीवर "वीस एक" येतं. मराठीत दोनाचंच रूप बघा: बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. बा, ब, बे, ब्या, आणि कुठे कुठलं येणार याला नियम नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं करत एकोणनव्वदपर्यंत यावं, तर नव्व्याण्णवला ती साखळीच तुटते. हे आकडे शतकानुशतकं बोलून बोलून झिजलेले आहेत, जोडून बनवलेले नाहीत. ते पाठच असावे लागतात, माणसाला आणि संगणकालाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका होती की जोडाक्षरांनी भरलेले हे आकडे लहान मुलांना जड जातात. मुलांपुरतं मला ते पटलं होतं आणि आजही पटतं. पण पावतीवर मात्र "त्र्याहत्तर" लिहायचं, "सत्तर तीन" नाही. लोक पैसे मोजताना ज्या शब्दांत मोजतात, तेच शब्द कागदावर असायला हवेत.

म्हणून शून्य ते नव्व्याण्णव असं शंभर ओळींचं एक टेबल करा. दोनच फील्ड: अंक आणि शब्द. मी वापरतो ते असं:

शून्य, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ
दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस
वीस, एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस
तीस, एकतीस, बत्तीस, तेहतीस, चौतीस, पस्तीस, छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस
चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास
पन्नास, एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ
साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर
सत्तर, एक्काहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर, शहात्तर, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी
ऐंशी, एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद
नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव

तुमच्याकडे काही आकडे वेगळे लिहीत असतील. तुमच्या संस्थेत जे रूप चालतं ते एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. टेबलाचा फायदाच हा की शुद्धलेखन सुधारायला कोड उघडावा लागत नाही, ताई स्वतः सुधारू शकतात.

शतकाला वेगळं कोष्टक लागत नाही, पण एक अपवाद सांभाळावा लागतो. शतकाचा अंक एक आणि पुढचे दोन शून्य, तर "शंभर". पुढे काही असेल तर "एकशे". हे विसरलं की "एकशे रुपये" किंवा "शंभर पाच रुपये" असं छापून येतं. आणि "शे" आधीच्या अंकाला चिकटूनच: दोनशे, सहाशे, नऊशे. जोडताना मधे मोकळी जागा टाकायची सवय असते, तिने "दोन शे" होतं आणि ओळ तिथेच तुटून "शे" खालच्या ओळीत जातं.

देवनागरी दिसली म्हणून हिंदीसाठी लिहिलेलं तयार फंक्शनही उचलू नका. एक, चार, सात, आठ असे दोन-चार आकडे सारखे, मग मधेच पच्चीस, उनतीस, सौ. घाईत नजरेतून सुटतं आणि थेट सभासदाच्या हातात जातं.

शब्दांच्या जागी प्रश्नचिन्हं

ॲक्सेसची टेबलं २००० च्या आवृत्तीपासून युनिकोड आहेत, म्हणजे त्यांत देवनागरीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं मावतात. कोड लिहायची खिडकी मात्र नाही. तिथे "वीस" टंकलं की "???" होतं. विंडोजमध्ये मराठीला जुन्या पद्धतीचं कोडपेज (अक्षरांना क्रमांक देणारी यादी) नाहीच, त्यामुळे संगणकाची भाषा मराठी करूनही ते सुटत नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक फॉन्ट बदलत बसतात, ऑफिस पुन्हा टाकतात. उपाय तोच: शब्द टेबलात ठेवायचे, कोडमध्ये एकही देवनागरी अक्षर नको. शे, हजार, लाख, कोटी, रुपये, पैसे, फक्त हेसुद्धा टेबलातून. तपासताना इमिजिएट विंडोमध्येही प्रश्नचिन्हंच दिसतील. तिथे बघून घाबरू नका, निकाल फॉर्मवरच्या टेक्स्टबॉक्समध्ये बघा.

शंभर शब्द दर वेळी डीलुकअपने (टेबलातून एकेक मूल्य शोधणाऱ्या फंक्शनने) आणले तर पाचशे पावत्यांचा रिपोर्ट चांगलाच रेंगाळतो. पहिल्या वेळी सगळं टेबल एका ॲरेमध्ये (मेमरीतल्या यादीत) भरून ठेवा.

दुसऱ्या डेटाबेसमध्येही प्रश्नचिन्हांचं हेच दुखणं असतं, कारण तेवढं वेगळं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये फील्ड एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार) हवं आणि कोडमधल्या प्रत्येक मराठी शब्दाच्या अवतरणचिन्हाआधी मोठा एन हवा. तो एक एन विसरला की प्रश्नचिन्हं. आणि कास्ट करताना एनव्हारचारची लांबी लिहिली नाही तर ती ३० धरली जाते. "चौऱ्याहत्तर" वाचताना पाच अक्षरं, पण साठवताना काना, वेलांटी, हलन्त सगळं धरून अकरा जागा. तीसमध्ये काय मावणार? रक्कम मधेच कापली जाते आणि तरी कुठलीही चूक दाखवली जात नाही, हे सगळ्यात धोक्याचं. माय एसक्यूएलमध्ये टेबल युटीएफ-८ असूनही प्रश्नचिन्हं येत असतील तर जोडणीचा कॅरेक्टर सेट बघा, बहुतेक वेळा तो जुना लॅटिन राहिलेला असतो.

डेटाबेसमध्ये हे काम करणारं काही तयार असेल का, असं सगळेच विचारतात. पोस्टग्रेसमध्ये कॅश-वर्ड्स आहे, पण ते इंग्रजी डॉलर-सेंटमध्ये उत्तर देतं. ओरॅकलमध्ये आकड्याची ज्युलियन तारीख करून तिचं स्पेलिंग काढायची युक्ती प्रसिद्ध आहे, ती इंग्रजीत चालते, त्यात लाख-कोटी नाहीत आणि ५३,७३,४८४ च्या पुढे ती थांबते. एक्सेलमध्ये बाटटेक्स्ट आहे, ते फक्त थाई भाषेत. मराठीसाठी आपलं टेबल आपणच करायचं.

शोधताना न सापडणारा चौऱ्याण्णव

ही तक्रार कमी येते, पण आली की माणूस चक्रावतो. टेबलात "चौऱ्याण्णव" दिसतंय, पण शोधलं तर सापडत नाही. "ऱ्या" मधला ऱ वेगवेगळ्या कळफलकांवरून वेगवेगळा साठवला जातो. कधी तो एकसंध अक्षर असतो, युनिकोड क्रमांक २३५३. कधी साधा र, २३५२, आणि त्याखाली नुक्ता, २३६४. कधी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, ८२०५. डोळ्यांना तिन्ही सारखे. डेटाबेसला तीन वेगळे शब्द. चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव या तीन ओळी एकाच माणसाकडून एकाच कळफलकावर टंकून घ्या. अक्षरी रकमेवर शोध घ्यायची वेळच येऊ नये, हे खरं. तयार झालेली अक्षरी रक्कम पावत्यांच्या टेबलात साठवूच नका, ती छापताना तयार होऊ द्या. साठवली की कुणीतरी आकडा दुरुस्त करतो आणि अक्षरं जुनीच राहतात.

किरकोळ, पण रोजच्या

रिपोर्टवर "#नेम?" आलं तर मॉड्यूलचं नाव आणि फंक्शनचं नाव एकच आहे का बघा. मॉड्यूलचं नाव बदला. रक्कम रिकामी असलेल्या ओळीवर "#एरर" येत असेल तर फंक्शनला रक्कम देण्याआधी एनझेड (रिकाम्या जागी शून्य देणारं फंक्शन) लावा आणि शून्य असेल तर अक्षरी जागा कोरी सोडा.

आयात केलेल्या फाइलीत रक्कम १२३४ अशी देवनागरी अंकांत मजकूर म्हणून आली असेल, तर व्हॅल (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) तिचं शून्य करतं. प्रत्येक अंकाच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा केले की साधा अंक मिळतो.

छापील पावतीपुस्तकावर "अक्षरी रुपये" आधीच असतं. फंक्शनही शेवटी "रुपये" जोडत असेल तर तो शब्द दोनदा येतो. आणि पैसे नसतील तेव्हा "शून्य पैसे" लिहू नका, सरळ "फक्त" लिहून ओळ बंद करा, म्हणजे पुढे कुणाला काही भरायला जागा राहत नाही. दीडशे, अडीच हजार, सव्वा लाख हे आपल्या तोंडचे शब्द फार गोड आहेत, पण पावतीवर ते नकोत. तिथे एकशे पन्नासच.

दुरुस्ती झाली की मी ताईंना या रकमा टाकून बघायला सांगतो: १, १००, १०१, २००, ९९९.९९६, १,१००, २.१२५, ३२,७६८, ९९,९९९, १,००,०००, १,००,१००, १,०५,०७,१००.५०, २,१४,७४,८३७ आणि १२५ कोटी. मागच्या तिमाहीनंतर त्यांनी ही यादी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आणि नवीन संगणकावर फाइल गेली की आधी हेच छापून बघतात. आजोबांची पावती रद्द करून नवी दिली, जुनी प्रत "रद्द" असा शेरा मारून फाइलला लावली.